मान विरळताना

दुपारचे साडेचार. सांगलीत विश्रामबागेतल्या एका त्वचारोग दवाखान्याच्या बाकड्यावर पाचजण ओळीनं बसले आहेत आणि पाचांच्याही गालांवर नाहीतर मानेवर पांढऱ्या मलमाचे थापे आहेत. मलमावर प्लास्टिकची पातळ फिल्म, उरलेली भाजी झाकायला वापरतात ती. पंख्याच्या वाऱ्यानं एकीच्या गालावरची फिल्म सुटते. सिस्टर जाता जाता अंगठ्यानं ती परत दाबते. "हात लावू नका हं. अजून पाऊण तास."

मलमात लिडोकेन आणि प्रिलोकेन ही भूल देणारी औषधं आहेत. कातडीत उतरायला त्यांना तासभर लागतो, आणि वरून झाकलं तरच ती नीट उतरतात. नंतरचं जाळण्याचं काम एकेका ठिपक्याला काही सेकंदांचं. म्हणजे इथं येणारा माणूस मुख्यतः बसायलाच येतो.

मला आत, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायची परवानगी डॉक्टर मॅडमनी दिली आहे. तरी प्रत्येकाला सिस्टर विचारते, "या लिहितात, आत बसल्या तर चालेल ना?" पहिलाच तरुण "नको" म्हणतो. मी बाहेर बाकड्यावर येऊन बसते.

शेजारी तासगावकडच्या एक काकू आहेत. पन्नाशी ओलांडलेल्या, मोकळ्या बोलण्याच्या. बागेत विरळणी चालू आहे. द्राक्षांच्या घडांतले जास्तीचे मणी कात्रीनं काढायचे दिवस. बायका कामाला लावून त्या एसटीनं आल्या आहेत. "मणी विरळाय बाया हायेत. म्हटलं, आपण जाऊन मान विरळून यावी."

मानेभोवती, मंगळसूत्र घासतं त्या पट्ट्यात, बारीक देठाच्या चामखिळी लोंबत आहेत. साखळी त्यांत अडकते, घामानं चुरचुरतं, कधी रक्तही येतं. मग आवाज खाली आणून त्या खरं कारण सांगतात. "नातवाच्या जावळाच्या फोटूत लई दिसाय लागल्यात वो."

मला दोन्ही कारणं सारखीच खरी वाटतात. कातडीवरचा निरुपद्रवी उंचवटा काढून घ्यायला आलेला माणूस आधी त्रास सांगतो, आणि समोरचा हसत नाही अशी खात्री पटली की मग फोटो. जणू दिसण्यासाठी पैसे घालवणं तासगावच्या बागायतदारणीला शोभत नाही.

घरगुती उपाय करून झाले आहेत. देठाला केस बांधून दोन पाडल्या, तिसरी पिकली. चुना आणि धुण्याचा सोडा कालवून लावून पाहिला. बिब्ब्याचा विषय निघताच त्या मनगट पुढं करतात. तिथं पांढुरका, सुरकुतलेला चट्टा आहे. मनगटावरच्या एका चामखिळीवर शेजारणीनं बिब्ब्याचं तेल लावलं, ते ओघळलं आणि जिथं जिथं गेलं तिथं फोड आले. चामखीळ गेली खरी. बिब्बा कातडी जाळतो, पण कुठं थांबायचं ते त्याच्या हातात नसतं.

सिस्टर काकूंचं बोट टोचून साखर बघते. आकडा येतो 218. जेवून चार तास झालेत. सिस्टर आकडा कागदावर लिहिते आणि आत नेऊन देते. काकू माझ्याकडं बघून विचारतात, "चामखिळीला साखर कशाला लागती?"

* * *

आता आत झेडपीच्या शाळेतल्या एक बाई आहेत. तिशी-पस्तिशीच्या. दोन्ही गालफडांवर, डोळ्यांच्या कडेला तिळापेक्षा थोडे मोठे, काळे, उंच ठिपके. त्यांच्या आईलाही असेच आहेत, आजीलाही होते. आल्दो कास्तेल्लानी या इटालियन डॉक्टरानं 1925 मध्ये या ठिपक्यांना लांबलचक लॅटिन नाव दिलं. त्वचेचे डॉक्टर आद्याक्षरं घेऊन 'डीपीएन' म्हणतात. सावळ्या-काळ्या कातडीत ते जास्त दिसतात, घराण्यात चालत येतात, बायकांना अधिक होतात. त्यांचं पुढं काहीही वाईट होत नाही. म्हणूनच डॉक्टर प्रत्येकाला आधी एक प्रश्न विचारतात, "काढायचेच आहेत का?"

"काढायचेच," बाई म्हणतात. "रविवारी भावाचं लग्न आहे."

डॉक्टरांचा हात थांबतो. खुर्ची मागं सरकवून त्या बाईंना समजावतात. जाळलेल्या प्रत्येक ठिकाणी खपली धरते. चेहऱ्यावरची खपली पडायला आठवडा, दहा दिवस. खाली गुलाबी कातडी येते, आणि आपल्या रंगाच्या माणसांत तीच कातडी ऊन लागलं की मूळ ठिपक्यापेक्षा मोठा काळा डाग धरते. तो फिका व्हायला महिने जातात. "लग्नात साठ खपल्या घेऊन उभ्या राहणार का?"

बाई हिरमुसतात. तासभर मलम लावून बसल्यावर हे ऐकायचं म्हणजे काय! डॉक्टर मधला मार्ग काढतात. आज फक्त जबड्याच्या कडेचे, केसांखाली झाकतील असे चार ठिपके. महिन्या-दीड महिन्यानं त्या जागांचा रंग बघायचा. डाग धरला नाही तर बाकीचे टप्प्याटप्प्यानं.

चार ठिपक्यांचं काम मी पहिल्यांदा जवळून बघते. मलम पुसलं जातं. जागा बीटाडीननं पुसून कोरडी करतात. या खोलीत स्पिरिट वापरत नाहीत, कारण ओल्या स्पिरिटवर ठिणगी पडली तर ते पेट घेतं. डॉक्टरांच्या हातात पेनासारखं साधन आहे, टोकाला सुईसारखी बारीक तार. पायाखाली पेडल. पेडल दाबलं की मशीन एकसुरी 'टीऽऽ' करतं, तार ठिपक्याला जेमतेम टेकते आणि ठिपका काळ्याचा राखाडी होतो, फसफसतो. पाय सुटतो, आवाज बंद. सलाइनच्या ओल्या गॉझनं हलकं पुसलं की राखाडी पापुद्रा निघून येतो. खाली सपाट, ओलसर गुलाबी जागा. रक्त नाही.

एका ठिपक्याचा तळ थोडा राहिलेला मला स्टुलावरूनही दिसतो. मी तिकडं बोट करते. डॉक्टर मान हलवतात. "राहू दे. राहिलेलं परत काढता येतं. खोल गेलं तर खड्डा पडतो, तो मला भरता येत नाही."

तार लाल होत नाही, धगधगत नाही, हे पाहून मला आश्चर्य वाटतं. इथं सगळे याला कॉटरी म्हणतात, पण जुन्या कॉटरीत तापवलेला धातू कातडीला टेकायचा. इथं धातू थंडच असतो. त्यातून जाणारी वीज कातडीत शिरते आणि कातडीच्या स्वतःच्या अडथळ्यानं आतल्या आत उष्णता तयार होते. मग झटका का बसत नाही? घरातली वीज सेकंदाला 100 वेळा दिशा बदलते आणि तिनं स्नायू आखडतात. या मशीनची वीज सेकंदाला लाखो वेळा बदलते. इतक्या वेगाच्या विजेला नसा-स्नायू दादच देत नाहीत, हे फ्रान्सच्या दार्सोंव्हालनं 1890च्या दशकाच्या सुरुवातीलाच दाखवलं होतं. शस्त्रक्रियेत ती रुजवली बोस्टनमध्ये विल्यम बोव्ही या भौतिकीवाल्यानं आणि हार्वे कुशिंग या मेंदूच्या सर्जननं. 1 ऑक्टोबर 1926 रोजी कुशिंगनं बोव्हीचं यंत्र वापरून, रक्तस्राव आवरेना म्हणून आधी अर्धवट सोडावी लागलेली डोक्यावरची गाठ काढली. शंभर वर्षांत ते यंत्र लहान होत होत विश्रामबागेतल्या टेबलावर येऊन बसलं आहे.

अर्थात डाग देऊन चामखीळ घालवायची कल्पना बोस्टनची नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात अग्निकर्माचा वेगळा अध्याय आहे आणि अग्निकर्म कशाकशावर करावं त्या यादीत चर्मकील आणि तिलकालक ही नावं आहेत. तापवायला धातूच्या शलाका तर आहेतच, पण पिंपळी, गाईचा दात, मध, गूळ हेही आहेत. जाळल्यावर मध-तूप लावा, शरदात आणि ग्रीष्मात शक्यतो हे करू नका, असंही सांगितलं आहे. आमच्या मॅडम मे महिन्यात चेहऱ्याची कामं पुढं ढकलतात. त्या कारण सनस्क्रीनचं देतात, पण सल्ला तोच.

* * *

पुढची मुलगी कॉलेजात शिकते आणि तिच्यासाठी डॉक्टरांना पेडल दाबावंच लागत नाही. तिनं मलमही उगाच लावून घेतलं आहे, डॉक्टरांना दाखवण्याआधीच, मैत्रिणीनं सांगितलं म्हणून. उजव्या गालावर सात-आठ गोल खळगे, कडा काळ्या. कोणत्या तरी पार्लरमध्ये एका बाईनं ऑनलाइन मागवलेल्या पेननं तिचे तीळ 'उडवले'. त्यातले बरेच सपाट तीळ होते. उंचवटा असेल तर जाळून कातडीच्या पातळीला आणता येतो. सपाट तिळाचा रंग कातडीच्या आत असतो, त्यापर्यंत पोचायचं म्हणजे खणावंच लागतं.

"आता हे खड्डे जाळून सपाट करा ना," ती म्हणते.

डॉक्टर नाही म्हणतात. आणखी उष्णता नको. सहा महिने सनस्क्रीन, रात्री लावायचं मलम, मग खड्ड्यांचं बघू. मुलगी रडकुंडीला येते. पार्लरमध्ये सगळे दहा मिनिटांत झाले होते, आणि इथल्या बाई तिला सहा महिने सांगतात. तिच्या जागी मी असते तर मलाही पार्लरवाली अधिक हुशार वाटली असती, निदान त्या दहा मिनिटांपुरती.

* * *

आता काकू. टेबलावर आडव्या व्हायच्या आधी सिस्टर ठरलेले प्रश्न विचारते. ॲस्पिरिन वगैरे रक्त पातळ करायची गोळी? नाही. जखमेचा व्रण वाढून गाठीसारखा होतो? नाही. छातीत मशीन बसवलंय?

"मशीन? ते आमच्या ह्यांच्या छातीत हाय."

"त्यांचं नाही, तुमचं विचारते." पेसमेकर असेल तर या विजेनं तो गडबडू शकतो.

"माझं काळीज अजून कंपनीचंच हाय."

मग मंगळसूत्राचा प्रश्न येतो. काम मानेवर, आणि अंगाला धातू टेकलेला चालत नाही. वीज तिथं गोळा होऊन भाजू शकतं. सिस्टर अवघडून "काढावं लागेल, काकू" म्हणते. काकू आधीच तयारीत आहेत. पिशवीतून पिवळ्या दोऱ्यात बांधलेलं हळकुंड निघतं. गळ्यात अडचण होईल म्हणून ते मनगटाला बांधायचं, मग मंगळसूत्र काढून रुमालात. दोरा सिस्टर बांधते, गाठ दोनदा बघून. हळदीच्या बाजारपेठेत यावर कोणाला काही बोलावंसं वाटत नाही.

डॉक्टर दिव्याखाली मान वळवून बघतात. चामखिळी मोजतात: सव्वीस. त्यांच्या आजूबाजूची कातडी जाडसर, काळपट झालेली. पुष्कळजणी हा मळ समजून दगडानं घासतात. काकूही घासतात.

"हा मळ नाही. अंगात इन्सुलिन असून त्याचा उपयोग होत नसेल तर मान अशी काळी पडते. चामखिळीही त्यातच वाढतात. तुम्ही विचारलंत ना, चामखिळीला साखर कशाला, त्याचं हे उत्तर."

काकू क्षणभर गप्प. "म्हंजे काढल्या तरी परत येणार?"

"याच जागी बहुतेक नाही. शेजारी नव्या येतील."

"मग तुमचा दर नगावर हाय का लॉटवर?"

सिस्टर मास्कच्या आड हसते. डॉक्टर न हसता सांगतात की आज सव्वीस काढायच्याच नाहीत. साखर वाढलेली असताना जखमा हळू भरतात, पिकूही शकतात. मंगळसूत्राला अडकतात तेवढ्या आज. बाकीच्या तीन महिन्यांची साखर दाखवणारी तपासणी करून, औषध सुरू झाल्यावर. काकूंना हे पटत नाही. एसटीचं भाडं, बागेतल्या बायका, दिवस मोडलेला. डॉक्टर ऐकून घेतात, पण आकडा वाढवत नाहीत. नऊवर ठरतं.

खांद्याखाली सपाट प्लेट सरकवली जाते. तारेच्या सुईऐवजी आता बारीक फासा. सिस्टर धूर ओढणाऱ्या यंत्राची नळी मानेपासून बोटभर अंतरावर धरते. तिघींच्या तोंडाला एन-95. व्हायरसनं होणारी चामखीळ जाळली तर त्या व्हायरसचे अंश धुरात सापडलेले आहेत. काकूंच्या या त्या जातीच्या नाहीत, पण धुराबद्दलची शिस्त सगळ्यांना एकच.

चिमट्यानं चामखीळ हलकेच ताणली जाते, देठ लांब होतो. टीऽऽ. फासा देठाला टेकतो आणि चामखीळ चिमट्यात राहते. मानेवर मोहरीएवढा तपकिरी ठिपका. वास येतो, केस जळल्याचा, पण त्यात आणखी काहीतरी मांसल. मास्कमधूनही येतो. काकू डोळे मिटून विचारतात, "माझाच वास का ह्यो?"

"तुमचाच."

पाचवीला भूल नीट उतरलेली नाही. देठ जाड आहे. काकू हात उचलतात, डॉक्टर तत्क्षणी पाय सोडतात. इन्सुलिनच्या बारीक सिरिंजनं देठाच्या बुडाशी लिडोकेनचा थेंबभर फुगा. थोडं थांबून परत. या वेळी काकू बागेतल्या बायकांची मजुरी किती वाढली आहे ते सांगत राहतात आणि चार चामखिळी त्या बोलण्यात निघून जातात. नऊ संपतात तेव्हा घड्याळात बारा मिनिटं झालेली असतात. मानेवर रक्ताचा एक थेंब नाही. सिस्टर मलमाचा थर देते आणि मंगळसूत्र असलेला रुमाल हातात ठेवते. "खपल्या पडेपर्यंत गळ्यात नको हं."

* * *

शेवटी निवृत्त मुख्याध्यापक सर. कानशिलांवर तपकिरी, चिकटवल्यासारखे खरबरीत थर. वयाबरोबर येणारे, निरुपद्रवी, गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी बघितलेले. सर संमतिपत्र वाचतात, खिशातलं पेन काढतात आणि 'संमती'वरचा जादा अनुस्वार खोडतात. मग सही.

थर निघायला वेळ लागत नाही. टेबलावरून उठता उठता सर चष्मा चढवायला घेतात आणि म्हणतात, "जाता जाता हाही उडवा." चष्म्याची टेकण जिथं बसते तिथं, नाकाच्या बाजूला, काळा, मुगाएवढा उंचवटा. चष्म्यामुळं मागच्या आठवड्यात दिसलाच नव्हता.

"कधीपासून?"

"दोनेक वर्षं. टॉवेलनं पुसताना कधी रक्त येतं. चष्मा घासतो म्हणून."

डॉक्टर दिवा जवळ ओढतात. मग डर्मोस्कोप, भिंगाचं छोटं यंत्र, टेकवून बराच वेळ बघतात. मला बोलावून दाखवतात: काळ्या रंगात निळसर-राखाडी ठिपके, चकचकीत कड, कडेवर फांद्या फुटलेली रक्तवाहिनी. बाकीच्या कशातच असं काही नव्हतं.

"हा मी जाळणार नाही, सर."

"का? एवढं तर आहे. बाकीचे जाळलेत."

"बाकीचे काय आहेत ते मला माहीत आहे. हा जाळला तर तो काय होता ते मला किंवा कोणालाच कधी कळणार नाही. वरचं जाईल, खालचं वाढत राहील."

सर शिक्षक आहेत, त्यांना पूर्ण उत्तर हवं. डॉक्टर देतात. हा बेसल सेल नावाचा कातडीचा कॅन्सर असू शकतो. आपल्या रंगाच्या लोकांत तो पुष्कळदा काळाच असतो, म्हणून लोक त्याला तीळ समजतात. तो सहसा लांब पसरत नाही, पण जागेवरच खात जातो, आणि नाकाजवळ खायला जागा थोडी. पूर्ण काढला तर बहुधा तिथंच संपतो. म्हणून आधी तुकडा तपासायचा, मग सर्जननं कडेची थोडी चांगली कातडी घेऊन काढायचा.

भुलेचं इंजेक्शन, बारीक गोल पातं फिरवून तांदळाएवढा तुकडा, एक टाका. तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीत. मशीन आता बंद आहे. दिवसभरातलं सगळ्यात महत्त्वाचं काम त्याच्याशिवाय झालं, हे कोणी बोलून दाखवत नाही; सिस्टर बाटलीवर लेबल चिकटवण्यात गुंतली आहे. सर लेबलवरचं आपलं नाव तपासतात. बरोबर आहे.

"रिपोर्टला?"

"आठवडा."

"सोमवारी येतो. चष्मा नाही लावला तर तोवर चालेल?"

"नाहीच लावायचा. टाका आहे."

"मग वाचू काय?" सर विचारतात, आणि उत्तराची वाट न बघता पैसे द्यायला बाहेर जातात.

बाहेर काउंटरवर काकू सूचनांचा छापील कागद उलटा धरून उभ्या आहेत. सिस्टर तो सरळ करून वाचून दाखवते. खपली ओढायची नाही. साबण चोळायचा नाही. दिवसातून दोनदा मलम. ऊन नको, बागेत जायचं तर डोक्यावरून पदर आणि मान झाकलेली. रक्ताची तपासणी उद्या सकाळी उपाशीपोटी.

"आणि दहा दिवस चुलीसमोर बसायचं नाही, धग लागते."

"भाकरी सुदीक न्हाई?"

"न्हाई."

काकू कागद परत सिस्टरपुढं सारतात. "मग त्ये बी हितं लिवून द्या. म्याडमची सही घ्या खाली. सुनंला दाखवाय लागंल."